'सान्या' म्हणजे तिकटी

प्रश्न असा होता: चीनमधल्या 'सान्या' या शहराच्या नावाचा अर्थ काय, त्याचा संस्कृतशी किंवा आपल्याकडच्या मुलींच्या नावाशी काही संबंध आहे का, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पुस्तकांत हैनान बेटावरचं 'सामा' बंदर येतं ते हेच का.

शेवटचं आधी, ते सोपं आहे. हो, हेच. जुन्या इंग्रजी नकाशांत सान्याच्या बंदराला सामा म्हणायचे. जपान्यांनी १९३९ च्या फेब्रुवारीत हैनान घेतलं आणि ४ डिसेंबर १९४१ ला जपानी सेनापती यामाशिताच्या सैन्याची जहाजं मलायाकडे निघाली ती इथूनच, पुढे मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर त्यांच्यासमोर आपले डोग्रा पलटणीचे सैनिक होते. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांत सामा आणि मानुषी छिल्लरच्या २०१७ च्या मिस वर्ल्डच्या बातमीत सान्या, गाव एकच.

मुलीच्या नावाशी काहीही संबंध नाही. 'सान' म्हणजे तीन आणि 'या' म्हणजे फाटा, बेचकं. गावातल्या नदीचे दोन फाटे समुद्राजवळ एकत्र येतात, वरून बघितलं तर झाडाच्या बेचक्यासारखा आकार, आणि या 'या'चं चिनी अक्षरसुद्धा हुबेहूब इंग्रजी वायसारखं काढतात, म्हणजे अक्षर बघूनच नकाशा कळावा. मराठीत याला तयार शब्द आहे, तिकटी. कोल्हापूरकरांना मिरजकर तिकटी सांगावी लागत नाही.

पण गंमत पुढे आहे. आज अधिकृत नावात हे बेचक्याचं अक्षर नाहीच. त्याजागी दुसरा 'या' बसलाय, जो आशिया खंडाच्या चिनी नावात असतो. उच्चार जवळपास तोच, फक्त सूर वेगळा (चिनीत सूर बदलला की शब्दच बदलतो), बेचक्याचा 'या' उंच आणि सपाट, आशियाचा 'या' वरून खाली आपटणारा. देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो म्हणून कुणाला पत्ता लागत नाही, आणि मग "सान्या म्हणजे तीन आशिया" असले अर्थ फिरत राहतात. ते सोडून द्या. अशा बदलाची दुसरी केस शेजारीच आहे, तिथला प्रसिद्ध बीच यालाँग बे, त्यात आधी 'दात' अर्थाचा 'या' होता, तो काढून तिथेही आशिया घातला. टुरिझमवाल्यांना दातापेक्षा आशिया बरा वाटला असणार, आपल्याकडे वाडीचं नगर होतं तसंच.

आणि आता खरा जुना 'या'. इसपू ११० मध्ये हान सम्राट वू याने बेट जिंकलं तेव्हा तिथे एक प्रांत काढला, 'चूया', मोत्यांचा कडा. या 'या'चा अर्थ कडा, सूर चढता. पुढे सुंग काळात ९७२ साली बेटाच्या दक्षिण टोकाला 'याचौ' हे नाव मिळालं, कड्याचा परगणा, आणि तेच आत्ताच्या सान्याचं पूर्वीचं नाव. (आशिया खंडाला चिनी लोक 'याचौ'च म्हणतात, फक्त आपटत्या सुरात. परक्या माणसाने सूर चुकवला तर परगण्याचा खंड होतो.) १९१२ नंतर परगण्याचा 'या' नावाचा तालुका झाला, १९५४ मध्ये तालुक्याचं ठाणं सान्याला आलं, १९८४ मध्ये तालुका मोडून सान्या शहर केलं, आणि ८८ साली हैनान शेजारच्या ग्वांगतुंग प्रांतापासून सुटून वेगळा प्रांत झाला. म्हणजे कडा गेला आणि तिकटी राहिली. पूर्ण गेला असंही नाही, शहराच्या चार विभागांपैकी एकाचं नाव आज परत याचौ आहे.

दुसऱ्या एका विभागाचं नाव थ्येनया. इथला 'या' म्हणजे काठ, कड. 'थ्येनया हायच्याव', आकाशाची कड आणि समुद्राचा कोपरा, हा चिनी भाषेतला जुना वाक्प्रचार, अर्थ साधारण आपल्या 'जगाच्या पाठीवर कुठेही'सारखा, पण त्यात ताटातुटीची छटा जास्त. वाक्प्रचार आधीचा, जागा नंतर ठरली. समुद्रकाठच्या मोठमोठ्या गोल शिळांवर कुणी 'थ्येनया' कोरलं, 'हायच्याव' तर १९३८ मधलं, शेजारच्या 'दक्षिण आकाशाचा एकमेव खांब' या शिळेचं चित्र पूर्वी दोन युआनच्या नोटेवर होतं. आज तिथे जोडपी फोटो काढतात. पूर्वी मात्र याचौला पाठवणं म्हणजे काळ्या पाण्यावर पाठवणं, नको झालेले मंत्री दरबाराने इथे ढकलायचे. सुंग दरबारचा मंत्री चाओ तिंग इथे हद्दपारीत होता, त्याने ११४७ मध्ये अन्न सोडून जीव दिला.

काळं पाणी म्हणण्याइतकं भयंकर काय होतं असं आपल्याला वाटेल, कारण अक्षांश बघा, अठरा अंशांच्या जरा वर, म्हणजे आपला मुरूड-जंजिरा किंवा भोर. उत्तरेला डोंगररांग आहे, ती थंड वारा अडवते, त्यामुळे डिसेंबरातही भात वाढतो. चीनचे भातसंशोधक हिवाळ्यात इथे येऊन जादा पीक काढतात, आणि संकरित भाताला ज्याने दिशा मिळाली ते नर-वंध्य (ज्याचे परागकण निकामी असतात असं) जंगली भाताचं रोप १९७० मध्ये याच तालुक्यातल्या एका शेताजवळ सापडलं. उत्तरेकडच्या माणसाला मात्र हा उकाडा आणि मलेरिया म्हणजे मरणच.

संस्कृतचं म्हणाल तर नावात नाही, पण गावात एक लांबचा धागा आहे. सान्यात उत्सुल म्हणून मुस्लिम समाज आहे, त्यांचे पूर्वज व्हिएतनाममधल्या चंपा राज्यातून आले, जिथे संस्कृत शिलालेख कोरत असत. त्यांची 'त्सात' भाषा चाम कुळातली, म्हणजे मलयची लांबची नातेवाईक, जिला सूर नव्हतेच. चिनी आणि बेटावरच्या मूळ ली जमातीच्या शेजाऱ्यांत राहून राहून तिला सूर फुटले! भाषेच्या लोकांना सान्या माहीत असतं ते बीचमुळे नाही, यामुळे.

लिहायचं कसं? 'सान्या' रूढ आहे तेच ठेवा. 'न' पहिल्या अक्षराचा आहे, सान-या असं तोडून म्हणायचं, 'कन्या'तल्यासारखा जोर देऊन नाही, त्या हिशेबाने 'सानया' जास्त बरोबर पण आता कोण ऐकणार. विभक्ती लावताना 'सान्याला, सान्यात' सरळ लावा. फक्त वाक्य असं करू नका की ते 'साना'चं सामान्यरूप वाटेल, "सान्या-थोरांची परिषद" अशी हेडलाइन सान्यात भरलेल्या २०११ च्या ब्रिक्स परिषदेला कुणी दिली असती तर मला आवडली असती, पण वाचकाला शहर कळलं नसतं.