‘वाचला ना, मग आता असा का वागतो?’

पावसाळा सरला की माझ्याकडे समुपदेशनात एक प्रश्न हमखास येतो. मेंदूज्वरातून पोर वाचलेलं असतं, दवाखान्यातून घरी आलेलं असतं, नवस फेडून झालेले असतात. काही महिन्यांनी आई विचारते, "चांगला झाला ना मॅडम, मग आता असा का वागतो?"

साहिल (नाव बदललं आहे) भंडाऱ्याकडच्या धानपट्ट्यातला, नऊ वर्षांचा. त्याला जपानी मेंदूज्वर झाला होता. धानाच्या बांध्यांतल्या साचलेल्या पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास हा विषाणू डुकरं आणि बगळ्यांकडून माणसांपर्यंत आणतात. लागण झालेल्या बहुतेकांना काही होत नाही. अडीचशेत साधारण एखाद्यालाच गंभीर आजार होतो. साहिल त्यातला निघाला.

आयसीयूतून आला तो चालत-बोलत. पण पाढे विसरायचा, ताट भिरकवायचा, धाकट्या बहिणीला मारायचा. आई म्हणे, "तापात दोन दिवस घरीच ठेवला. माझ्यामुळंच झालं." वडील म्हणत, "मुद्दाम करते हा. दवाखान्यात लाड झाले, आता डोक्यावर बसला."

आईचं ओझं आधी उतरवावं लागलं. या आजारात विषाणू मारणारं औषध नाही. दवाखान्यात फिट, मेंदूची सूज आणि श्वास सांभाळतात. लवकर नेलेलं बरंच, पण सुरुवातीचा ताप इतर कुठल्याही तापासारखाच दिसतो. त्यात आईनं काय ओळखायचं?

मुलाला ‘सुधारायला’ मी कधीच घेत नाही. घरात कोण कुणाशी कसं बोलतं तिथून सुरुवात करते, आणि ही वाट मला सहसा दगा देत नाही. आईला एक वही दिली. राग कधी आला आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढंच लिहायचं; का आला ते नाही. तिनं लिहून आणलं, "संध्याकाळ. टीव्ही चालू. आजी अन् हे बोलत होते. मी जेवायला हाक मारली. ताट फेकलं." पानं उलटत गेले. जवळजवळ प्रत्येक नोंद संध्याकाळची, आणि प्रत्येक वेळी एकाहून जास्त आवाज.

हे मी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. खुर्चीचं रेक्झीन नखानं सोलत बसलेला साहिल पहिल्यांदा वर बघून बोलला, "सगळे एकदम बोलले की मले काहीच समजत नाही. हात आधी उठते. राग आला ते मागून समजते."

वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे हा मले उलटून नव्हता बोलत?"

मला हवं होतं ते इथं सापडलं. वडिलांना शिस्तीची चिंता नव्हतीच; आजारातून उठलेल्या पोरानं आपल्याला जुमानू नये, हा अपमान त्यांना लागला होता. तो गैरसमज निघाला तसा त्यांचा आवाजही खाली आला. संध्याकाळी टीव्ही बंद, एका वेळी एकानं आणि एकच गोष्ट सांगायची, शाळेतून आल्यावर अर्धा तास कुणी काही विचारायचं नाही, हे नियम वडिलांनीच घातले. ताटं फेकणं कमी झालं. पाढे अजून विसरतो.

मेंदूज्वरानंतर वाचलेल्या बऱ्याच मुलांत विसराळूपणा, चिडचिड, लवकर थकणं किंवा फिट मागे राहते. तेव्हा पट्टी उगारण्याआधी ऐकू येणं, दृष्टी आणि बुद्धीची तपासणी करून घ्या. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी (मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या) केंद्रात मुलांसाठी ही सोय असते. फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. वर्गशिक्षकांना आजाराचे कागद दाखवा, नाहीतर पोर ‘ढ’ ठरतं.

आणि तापातली प्रत्येक फिट म्हणजे मेंदूज्वर नव्हे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना नुसत्या तापानंही झटका येतो. साध्या झटक्यानं बुद्धी जात नाही. मुलाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. पहिलाच झटका असेल तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांत थांबला नाही, नंतर मूल नीट शुद्धीवर येत नाही, ओळखत नाही, बरळतं, सारखं ओकतं, मान ताठ धरतं, तर रात्र असली तरी थेट मोठ्या दवाखान्यात.

साहिलच्या बहिणीचं लसीचं कार्डही मी मागून घेतलं. धोक्याच्या जिल्ह्यांत जेईची, म्हणजे जपानी मेंदूज्वराची, लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि १६ ते २४ महिन्यांत अशी दोनदा, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तिचा दुसरा डोस राहिला होता.