पहाटे चारचा चहा

'ताई, सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. पहाटे चारला उठून चहा ठेवायला जातात. गेल्या आठवड्यात बटण फिरवलं आणि गॅस पेटवायचाच विसरल्या. वासाने मला जाग आली. आता भाजी आणायला जाताना मी बाहेरून कुलूप घालते. यजमान चिडतात, "आई काय कैदी आहे?" माझं चुकतंय का?'
– एक सून, डोंबिवली

घाबरून केलंत, कळतंय. पण कुलूप नको. आत धूर झाला तर त्या बाहेर कशा पडणार? अर्धा तास का होईना, शेजारचं कुणीतरी बसवून जा.

आता चहा. झोपताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, लायटर-काडेपेटी उचलून ठेवायची. (पुन्हा कधी वास आलाच तर आधी खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका.) एवढ्यावर भागणार नाही, कारण शेगडी पेटली नाही की त्या बिथरतील. आयुष्यभर घरात पहिल्या उठलेल्या बाईचे हात स्वस्थ बसत नाहीत. ओट्यावर छोट्या थर्मासमध्ये बेताचा गरम कोरा चहा, शेजारी त्यांचा नेहमीचा कप ठेवून बघा. दूध घालू नका, पहाटेपर्यंत नासेल.

बाथरूमची आतली कडी आजच काढा. माझ्या आईने एकदा ती लावली आणि उघडायची कशी तेच तिला आठवेना. मी पाऊण तास बाहेरून "उजवीकडे सरकव" म्हणत होते. तिला उजवीकडे म्हणजे कुठे तेही सुचत नव्हतं. शेवटी सुताराने दार काढलं. जमीन कोरडी, कमोडजवळ धरायला दांडा, वाटेवर रात्रभर छोटा दिवा. दारातलं काळं पायपुसणंही उचला, या आजारात ते खड्ड्यासारखं दिसू शकतं. आणि पाण्याच्या बाटलीत भरलेलं फिनाईल (आपण सगळ्याच भरतो!) कुलपात.

संध्याकाळी "मला घरी जायचंय" म्हणाल्या तर "हेच तुमचं घर" असा वाद नको. माहेरचं काहीतरी विचारा, बिल्डिंगला एक चक्कर मारून आणा. वॉचमनला आणि रिक्षा स्टँडवर सांगून ठेवा, गाऊनच्या खिशात तुमचा नंबर असू द्या. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइनही लिहून ठेवा.

राहता राहिले यजमान. येत्या रविवारी सकाळपासून त्यांनाच आईजवळ बसवा आणि तुम्ही मैत्रिणीकडे जा. जाताना रेग्युलेटर कुठे आहे ते मात्र दाखवून जा.