प्रार्थना करते, तरी काळजी जात नाही

"रोज प्रार्थना करते, वचन वाचते, तरी छातीतली धडधड थांबत नाही. माझा विश्वासच कमी आहे का?" समुपदेशनाला येणारी ख्रिस्ती माणसं हा प्रश्न फार विचारतात, आणि विचारताना खाली बघतात. सोलापुरातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेल शिवायला जातात. नवरा यंत्रमागावर. मागणी घटली की माग बंद, आणि माग बंद तर मजुरी बंद. मुलीच्या फीसाठी ताईंनी नवऱ्याला न सांगता मायक्रोफायनान्सचं गटकर्ज काढलं. अशा कर्जात एकीचा हप्ता चुकला की भार गटातल्या बाकीच्यांवर येतो, त्यामुळे शेजारणींना तोंड दाखवणं अवघड झालं. पहाटे जाग यायची. प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणालं, "विश्वास कमी पडतोय, उपास धरा." त्यांनी धरले. मशीनवर चक्कर आली, तेव्हा चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाठवलं.

"प्रार्थनेत काय म्हणता?" मी विचारलं.

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, एवढंच. मॅडम, मागायची भीती वाटते. देवाकडं तक्रार केल्यासारखं होतंय."

"कर्जाचं सांगितलंत त्याला?"

"त्याला ठावं आहेच की."

मी त्यांना गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचायला दिला. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे येशूनेही म्हटलं, पण त्याच्याआधी त्याने हा प्याला माझ्यावरून टळू दे असं मागितलं, आणि तीनदा जाऊन प्रार्थना केली. ताई पहिला भाग गिळून थेट दुसऱ्यावर येत होत्या. मग तेरावं स्तोत्र काढलं. त्यात दावीद देवाला "कोठवर?" असं चार वेळा विचारतो. स्तोत्र संपतं ते भरवशावर, पण भरवसा येईपर्यंतची कळही पवित्र शास्त्राने तशीच ठेवली आहे. "असं देवाला विचारलेलं चालतं?" ताईंनी पुन्हा पुन्हा ते वाचलं आणि पहिल्यांदा रडल्या.

उपासाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाचं त्याच्याशी बोलणं त्यानंतरचं. ताईंना मी डॉक्टरांकडे पाठवलं. रक्त बरंच कमी निघालं, धडधडीत त्याचाही वाटा होता. अशक्त शरीराला अविश्वासू ठरवणं हा अन्याय आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, तो प्रेमापोटी होतो म्हणून जास्त लागतो.

"चिंता करू नका" हे फिलिप्पैकरांस पत्रातलं वचन त्यांना अनेकांनी ऐकवलं होतं. प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिलं. त्याच वचनात तो आपली मागणी देवाला कळवायला सांगतो, आणि त्याच अध्यायात पुढे, अडचणीत एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवल्याबद्दल फिलिप्पैच्या मंडळीचे आभार मानतो. देवावर भरवसा ठेवणाऱ्या पौलाला माणसांची मदत घेण्यात कमीपणा वाटला नाही.

ताईंनी देवाला रकमेसकट सगळं सांगितलं. त्यानंतर नवऱ्याला. तो चिडला, अबोला धरला, पण पुढे स्वतःच गटातल्या बायकांशी बोलायला गेला. वसुलीवाले रात्री फोन करायचे. मायक्रोफायनान्सच्या कर्जदाराला सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम त्यांना सांगितला. नवऱ्याने तो त्या लोकांना ठणकावून ऐकवला.

जगणंच नको वाटू लागलं तर प्रार्थना चालू ठेवाच, पण त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

ताईंचे हप्ते अजून चालू आहेत. कधी पहाटे जाग येते, पण उपाशीपोटी कामावर जात नाहीत. सभेत साक्षीची, म्हणजे देवाचा अनुभव सांगायची, पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहून म्हणाल्या, "कर्ज फिटलं नाही. भीती वाटते. माझ्यासाठी प्रार्थना करा." त्यावर आणखी दोघींनी आपापल्या कर्जाचं सांगितलं.