व्हीपीएफमध्ये (सक्तीच्या पीएफवर पगारातून स्वेच्छेने टाकायच्या जादा रकमेत) वर्षाला जास्तीत जास्त किती टाकता येतात? अडीच लाखांच्या वर टाकणं मूर्खपणा आहे का?

'मूर्खपणा' शब्द वाचला आणि आमचे साडू आठवले, म्हणून लिहायला बसलो.

टाकायचेच तर बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) शंभर टक्के टाका, कोणी अडवत नाही. अडीच लाख ही टाकण्याची मर्यादा नाहीच. १ एप्रिल २०२१ पासून तुमचा स्वतःचा हिस्सा (सक्तीचे १२ टक्के धरून) वर्षाला त्याच्या वर गेला, की वरच्या रकमेच्या व्याजावर कर. कंपनीचा हिस्सा यात धरत नाहीत.

माझं बेसिक ६० हजार. पीएफ महिन्याला ७,२०० कापला जायचा, वर व्हीपीएफ २० हजार. बजेटची बातमी वाचली होती, पण ही बड्या पगारवाल्यांची भानगड म्हणून सोडून दिली. वर्षअखेर बेरीज ३,२६,४००. आमच्याकडे व्हीपीएफचा फॉर्म फक्त एप्रिलमध्ये घेतात, मधेच कमी करायची सोय नाही. पुढच्या एप्रिलला १३ हजारांवर आणलं, म्हटलं सुटलो. कुठला सुटतोय! वरचे ७६,४०० पीएफमधल्याच वेगळ्या करपात्र खात्यात जाऊन बसलेले. नवीन टाका न टाका, त्यांच्यावरचं व्याज दरवर्षी करपात्रच. २०२२-२३ ला ८.१५ टक्क्यांनी सव्वासहा हजारांच्या आसपास झालं, पाच हजारांच्या वर म्हणून १० टक्के टीडीएस.

बायको हे बहिणीला बोलली. गौरीच्या जेवणाला भर पंगतीत साडूंनी विचारलं, "काय भाऊसाहेब, पीएफवाल्यांनाही कर लागला म्हणे? तरी सांगत होतो, एसआयपी करा." पुरणपोळीवर तूप वाढत होते, मी नको म्हटलं.

आता हिशेब ऐका. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, सेस धरून, माझा त्या व्याजावरचा कर दोन हजारांच्या आत. पीएफच्या ८.२५ टक्क्यांतून (२०२३-२४ चा दर) कर गेला तरी ५.६८ उरतात. याच साडूंची सात टक्क्यांची एफडी आहे, तिच्यावरही पूर्ण कर, उरतात ४.८. मूर्ख कोण?

हां, एसआयपीशी तुलना करत नाहीये, तो जोखमीचा मामला. नवी करप्रणाली घेतली असेल तर पीएफमध्ये टाकलेल्या पैशांवर ८०सीची वजावट नाही. जीपीएफवाल्यांना (सरकारी नोकरांचा पीएफ, ज्यात सरकारचा हिस्सा नसतो) मर्यादा पाच लाख. आणि अडीच लाख ओलांडण्याआधी पीपीएफचे दीड लाख भरा, तिथलं व्याज पूर्ण करमुक्त. माझं पीपीएफ त्या वर्षी रिकामंच होतं. हे साडूंना माहीत नाही.