ख्रिस्ती नसलो तरी उपवासकाळात नाशिकच्या चर्चमार्फत गरजूंना मदत देता येते का?

येते, धर्म कोणी विचारत नाही. त्र्यंबक रोडचं होली क्रॉस किंवा नाशिकरोडचं बाळ येशू मंदिर, जे जवळ पडेल तिथल्या धर्मगुरूंना आधी भेटा. नुसतं दानपेटीत टाकलेलं बहुधा सर्वसाधारण निधीत जातं, म्हणून पैसे कशासाठी आहेत ते सांगूनच द्या.

राखेच्या बुधवारपासून (ॲश वेन्सडे, ईस्टरच्या साधारण साडेसहा आठवडे आधी) ईस्टरपर्यंतच्या या उपवासकाळात प्रार्थना, उपवास आणि दान ही तीन कामं एकत्र धरली जातात. कल्पना अशी की न खाल्लेल्या जेवणाचे पैसे बाजूला काढून भुकेल्याला द्यायचे. कॅरिटास इंडिया ही 1962 पासूनची संस्था याच दिवसांत भूक आणि रोगांविरुद्ध देशभर निधी गोळा करते. गुड फ्रायडेची वर्गणी मात्र पवित्र भूमीतल्या (जेरुसलेम आणि आसपासच्या) चर्चसाठी असते. नाशिकच्याच कुटुंबाला द्यायचं असेल तर तो दिवस टाळा.

धान्य आणणार असाल तर काय हवंय ते विचारून आणा (जुने कपडे तर विचारल्याशिवाय नकोच). देणगीवरची आयकर सवलत (80जी) हवी असेल तर पावती मिळते का ते आधीच बघा. 2000 रुपयांवरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही.