ड्रॉप्स बंद करू का, चालू ठेवू का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आईचं वय ६२. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी काचबिंदू पण आहे म्हणून सांगितलं आणि रोज रात्री टाकायचे ड्रॉप्स दिले. काही महिने टाकले, मग आई म्हणायला लागली की मला स्वच्छ दिसतंय, सुईत दोरा ओवते मी, एवढी महाग बाटली कशाला, वर डोळे पण लाल होतात. आता ड्रॉप्स बंदच आहेत. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून हे एकदाचं मिटवता येणार नाही का? (वाचक, बार्शी)

उत्तर : आधी त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करा, ड्रॉप्स बंद झालेत हे स्पष्ट सांगा आणि या आठवड्यातच डोळ्याचं प्रेशर तपासून घ्या. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

आईंना सुईत दोरा ओवता येतो यावर जाऊ नका हो. काचबिंदूत मधली नजर बहुतेकदा शेवटपर्यंत शाबूत राहते, आधी जाते ती कडेची, आणि तीही इतकी हळूहळू की माणसाला पत्ताच लागत नाही, घरच्यांना कळतं ते दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला किंवा बाजूने आलेली गाडी दिसली नाही की मग. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते काढून नवीन बसवलं की दिसायला लागतं. काचबिंदूत मात्र, बहुतेकदा डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढून, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच खराब होते आणि गेलेली नजर कुठल्याही ऑपरेशनने परत येत नाही. लेझर आहे, ऑपरेशन पण आहे, पण दोन्हींनी फक्त प्रेशर उतरतं, म्हणजे उरलेली नजर वाचते. ड्रॉप्सचं कामही तेवढंच, म्हणून टाकल्यावर फरक जाणवत नाही आणि लोक सोडून देतात. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

प्रेशर साधारण १० ते २१ मिमी पारा यामध्ये असावं म्हणतात, पण काहींची नस त्यातही खराब होते, त्यामुळे नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका. मशीनमध्ये बघून दिवा दिसला की बटन दाबायची ती फील्ड टेस्ट आणि नसेचं ओसीटी, म्हणजे नसेचा स्कॅन, डॉक्टर सांगतील तेव्हा करा आणि सगळे रिपोर्ट एका फाइलीत ठेवा, कारण खरी गोष्ट जुन्या-नव्याची तुलना केल्यावरच कळते.

लाली रात्रीच्या लॅटानोप्रोस्टसारख्या ड्रॉप्सनी बऱ्याच जणांना येते, ते डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक बाटली चालेल का हेही बिनधास्त विचारा. आईंना दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर आवर्जून सांगा, टिमोलॉल हे काचबिंदूचं दुसरं औषध अशांना त्रास देऊ शकतं. टाकताना खालची पापणी ओढून एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोनेक मिनिटं दाबून धरायचा, दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने टाकून द्या.

आणि तुम्ही, तुमची भावंडं, मावशी-मामा, सगळ्यांनी तपासून घ्या. सख्ख्या नात्यात काचबिंदू असला की धोका बराच वाढतो. कधी अचानक डोळा भयंकर दुखला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या तर पित्त समजून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा. दर उन्हाळ्यात डोळे खाजून लाल होतात. मागे दिलेले ड्रॉप्स मेडिकलमधून परत आणते, दोन दिवसात बरं वाटतं. चालेल ना? (वाचक, जालना)

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलंय का बघा. ते स्टिरॉइड. खाज पटकन थांबते खरी, पण वारंवार टाकलं तर प्रेशर वाढून लहान मुलालाही काचबिंदू होतो, मोतीबिंदू पण, आणि मूल काही दुखतंय म्हणत नाही. ॲलर्जीवर स्टिरॉइड नसलेले ड्रॉप्स मिळतात, पण तेही डॉक्टरांनी बघूनच. तोवर गार पाण्याच्या पट्ट्या, बाहेर जाताना टोपी-गॉगल, आणि डोळे चोळू देऊ नका, सतत चोळून बुबुळाचा पुढचा पडदा पातळ होऊन पुढे येऊ शकतो. या आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या, ती बाटली सोबत ठेवा आणि प्रेशर बघा म्हणून स्वतःहून सांगा.