फक्त शनिवारी पितो

“मॅडम, तो रोज नाही पीत. फक्त शनिवारी पितो. मग आम्ही उगीच घाबरतोय का?”

गोव्यातल्या फोंड्याच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून सतत येतो. यावेळी विचारणारी होती घरातली थोरली सून, आणि काळजी होती धाकट्या दिराची. वय 27, कुंडईला कारखान्यात नोकरी, स्वभावाने गरीब. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सोमवार ते शुक्रवार थेंबही नाही. शनिवारी रात्री मात्र मित्रांबरोबर बसला की घरी कसा आला हे सकाळी त्याला आठवत नाही. दोन महिन्यांत असं तीनदा झालं होतं.

“घरात कोणी काही बोलत नाही का?” मी विचारलं.

“बोलतात ना. दर रविवारी जेवताना बोलतात. पण ते भलतंच असतं.”

सासरे मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, पक्के दारूबंदीवाले. 2025 मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच एका आमदाराने गोवा विधानसभेत दारूबंदीची मागणी केली, तेव्हापासून त्यांना जोर आला होता. गडचिरोलीत 1993 साली बंदी आली, मग इथे का नको, हा त्यांचा सवाल. चुलत सासरे माजी पंच, स्वतःची काजूची बाग आणि भट्टी. ते लगेच चंद्रपूर काढायचे: 2015 ला बंदी घातली आणि 2021 ला उठवावी लागली. शिवाय फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, भट्ट्यांवर किती घरं चालतात, हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या, दिवसांत पाहुण्याला काय ताक देणार? मास्तर चिडून मुलाकडे बोट दाखवायचे, “आमच्या घरात बेबदो निपजला!” बेबदो म्हणजे दारुडा. काका म्हणायचे, “अरे, पोरगा आठवड्यातून एकदा बसतो. या वयात आम्ही नाही बसलो?”

आणि ज्याच्यावरून हे चाललंय तो खाली मान घालून हुमणात भात कालवत असायचा. जेवण उरकायचं, विषय तिथेच राहायचा.

वहिनीने त्याला कसंबसं आणलं. पहिलंच वाक्य, “मी बेबदो नाही. बेबदो सकाळी उठल्या उठल्या पितो.” पुढचं, “आमच्याकडे तर चालतंच.” एक वडिलांना दिलेलं उत्तर, दुसरं काकांकडून उचललेलं. दोन्ही मतांनी त्याला आडोसाच दिला होता.

मी वाद घातला नाही. किती पितोस, एवढंच विचारलं. “पाचेक पेग.” माझ्या खोलीत स्टीलचा ग्लास, पाण्याची बाटली आणि औषधाचं मोजमाप लिहिलेलं भांडं असतं. म्हटलं, “पाणी घे आणि तुझा एक पेग ओतून दाखव.” त्याने सवयीच्या हाताने ओतला. मोजला तर 95 मिलिलिटर. लार्ज पेग 60 चा. त्याचे पाच म्हणजे जवळजवळ आठ लार्ज झाले. तो भांड्यावरच्या रेघेकडे बघत राहिला. “म्हणजे साडेसातशेच्या बाटलीतली अर्ध्याहून जास्त मी एकटा...” वाक्य त्याने पुरं केलं नाही.

व्हिस्कीच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त, आणि तेही महिन्यातून एकदा जरी झालं, तरी जागतिक आरोग्य संघटना त्याला एका वेळचं अतिमद्यपान म्हणते. तीन लार्जमध्ये ती रेघ गाठली जाते. हा 160 ग्रॅमपर्यंत जात होता. रोज पितो का, एवढाच प्रश्न विचारला तर असा माणूस गाळणीतून सहज निसटतो. म्हणूनच संघटनेच्या ऑडिट नावाच्या दहा प्रश्नांच्या प्रश्नावलीत, किती दिवसांनी पिता आणि किती पिता हे विचारून झाल्यावर, एका बैठकीतली भरमसाट दारू किती वेळा होते हा तिसराच प्रश्न आहे.

न आठवण्याबद्दलही सांगितलं. त्या वेळी माणूस झोपलेला नसतो. तो चालतो, बोलतो, अगदी गाडीही चालवतो, पण मेंदू आठवणीची नोंद करायचं थांबवतो. “मित्र म्हणतात, मी छान गात होतो,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापला.

खरी भीती मला पुढच्या गोष्टीची वाटली. रविवारी सकाळी सातला हा स्कूटरवरून मासळी बाजारात जायचा, पुढे सहा वर्षांच्या पुतणीला उभी करून. यकृत तासाला सुमारे 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. कॉफी, लिंबू, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री नऊला बसलेल्या माणसाच्या अंगात सकाळी सातला निदान तीन लार्ज पेगांइतकी दारू शिल्लक असणार. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची; तो तिच्या बराच पुढे असणार. हा हिशेब कागदावर त्यानेच मांडला. मग बराच वेळ कागदाची घडी करत, उघडत बसला.

मास्तर आणि काका दोघांनाही मी एकदा बोलावलं. मास्तरांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, “तुम्ही बंदीच्या बाजूच्या की विरोधातल्या?” माझं मत मी लपवत नाही: सरसकट बंदीने प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही, पण दारू स्वस्त आणि हाताशी ठेवायची व मग पोरांच्या नावाने बोटं मोडायची, हेही मला पटत नाही. हा वाद व्हायलाच हवा, ग्रामसभेत व्हावा, विधानसभेत व्हावा. पण सरकारने काय करावं याचा निकाल लागेपर्यंत हा मुलगा किती शनिवार थांबणार? महिनाभर जेवताना तो विषय बंद ठेवा, ‘बेबदो’ शब्द बंद ठेवा, आणि शांतपणे एवढंच विचारा: काल किती झाली, घरी कसा आलास?

दोघांना आणखी एक सांगून ठेवलं. दारू पिऊन पडलेला माणूस हलवून उठत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, अंग गार पडलं असेल, तर झोपून उतरेल म्हणून सोडायचं नाही. कुशीवर वळवायचं, जवळ थांबायचं, 108 ला फोन करायचा. काकांनी हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. भट्टीवर त्यांनी काय काय पाहिलं असेल, ते मी विचारलं नाही.

असं बोलून फरक पडतो का, हे वहिनीने विचारलंच. संगथ संस्थेने गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत हेच तपासलं होतं. प्रशिक्षण घेतलेल्या, डॉक्टर नसलेल्या माणसांनी अपायकारक पिणाऱ्या पुरुषांशी चारपर्यंत बैठका केल्या. तीन महिन्यांनी त्यातले 36 टक्के सावरलेले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 26 टक्के. चमत्कार नव्हे, पण मला काम करत राहायला तेवढं पुरतं. रोज भरपूर पिणाऱ्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याने एकदम सोडली तर थरथर, फिट, भ्रम होऊ शकतो. तिथे आधी डॉक्टर, मग मी.

धाकटा सहा वेळा आला. घरून मोजमापाचा पेला घेऊन बसायला जातो. मित्र हसले, त्याने हसू दिलं. तिनावर थांबायचं ठरलं आहे. शिगम्यात एकदा घसरला, सात झाले, आणि सोमवारी त्यानेच फोन करून सांगितलं. परवा मास्तरांनी विचारलं, “काल किती?” “चार.” मास्तर काही बोलले नाहीत, आमटीची वाटी त्याच्याकडे सरकवली. रविवारी स्कूटरची किल्ली वहिनीच्या कमरेला असते आणि बांगडे तीच आणते.